मचूळ पाण्यानं धुतलेली गाडी

गंजाची चव कशी असते ते मला विचारा. शी! तोंडात रक्त आल्यासारखी, वर रेतीची कचकच. त्या रविवारी आमच्या अंगणात गाडीखाली उताणा पडून मी सकाळपासून तोच गंज थुंकत होतो, आणि थुंकता थुंकता गाडीला, रस्त्याला, सगळ्या जगाला शिव्या घालत होतो.

हे सगळं आईसाठी. रोह्याला माझी मावशी, म्हणजे आईची पाठची बहीण, अंथरुणाला खिळलेली. मावसभावाचा फोन आला होता, "कधी माणसं ओळखते, कधी नाय. तुझ्या आईला लवकर आण." पेणहून रोहा म्हणजे काही परदेश नाही. पण आईच्या कमरेचे मणके झिजलेत, एसटीचं नाव काढायला नको, आणि आमची गाडी पुढून अशी वाजायची की बॉनेटखाली कोणी भांडी आपटतंय. मागच्या खेपेला खड्ड्यांत आईचा जीव इतका कळवळला की नागोठण्याहूनच मी गाडी मागे फिरवली. घरी उतरल्यावर ती म्हणाली, "हा खुळखुळा आधी नीट कर, मग मला हाक मार."

पेणच्या गॅरेजवाल्यानं चाक धरून हलवून बघितलं. पुढची चाकं धरून ठेवणारे खालचे दोन्ही आर्म गेलेत, त्यांचे रबरी बुश फाटलेत, बॉल जॉइंट ढिले. "ठेवून जा, आठ दिवसांनी बघू." आठ दिवस! तिकडं मावशी आठ दिवस थांबणार आहे का, हे त्याला कोण सांगणार? मी डोलवीच्या पोलाद कंपनीत कंत्राटी फिटर आहे, बारा वर्षं दुसऱ्यांची मशिनं खोलतोय. म्हटलं, खड्ड्यात गेलास तू. पार्ट आणले, नवे बोल्टही आणले, तेवढी एक अक्कल सुचली. रविवारी गाडी जॅकवर चढवली आणि खाली जांभ्याचे चिरे लावले, कारण नुसत्या जॅकच्या भरवशावर मी कुठल्या गाडीखाली शिरत नाही.

चाक काढलं. आर्मला लोखंड म्हणवत नव्हतं, खारी बिस्किटासारखे पापुद्रे सुटत होते. बॉल जॉइंटचं रबर चिरलेलं, आतल्या ग्रीसचा चिखल झालेला, बोट लावलं की शेंबडासारखा लोंबायचा. पाना लावला तर नटाचे कोनच गोल झालेले. घण मारला तर बोल्ट जागचा हलेना, उलट वरचा चुरा माझ्याच डोळ्यांत. आठ वर्षांची गाडी, आणि ही दशा! कंपनीत वाफेत उभं असलेलं लोखंडसुद्धा असं सडलेलं मी पाहिलं नाही.

तेवढ्यात बाबा बादली घेऊन आला. माझ्या बाबाचा उभा जन्म मिठागरावर गेला. मिठागर सुटल्यापासून त्याला एकच काम उरलंय, दर रविवारी गाडी धुणं. धुतो पण कशी, चाकांच्या आतून, खाली वाकून, म्हैस धुवावी तशी. गावात कौतुक होतं, गाडी ठेवावी तर यांनी.

"जरा सर," तो म्हणाला. "उघडंच हाय, तर आतूनबी धुऊन काढतो." आणि मी हो-नाही म्हणायच्या आत त्यानं भस्सकन बादली ओतली. अर्धं पाणी माझ्या तोंडात. खारट! आमच्या परसातल्या बोअरचं मचूळ पाणी, ज्यात डाळ शिजत नाही की साबणाला फेस येत नाही.

मी गाडीखालून कसा बाहेर आलो, मला आठवत नाही. "बाबा, तू ह्या पाण्यानं गाडी धुतोस? आठ वर्षं?"

"मग कुठल्यानं धुवू?"

"अरे, मीठ लोखंड खातं! सगळा जन्म मिठात काढलास आणि एवढं कळत नाय तुला?"

"कळतंय की," तो म्हणाला. "मिठागरावर फावडं दोन वर्षं टिकायचं नाय."

कळतंय! म्हणजे कळूनसवरून! मी त्याला काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. आईला तिच्या बहिणीचं तोंड बघायला मिळालं नाही तर ते तुझ्यामुळं, असंही बोललो. बाबानं बादली खाली ठेवली आणि पडवीकडं बघितलं. तिथं खाटेवर आई आडवी होती.

"त्याला नको बोलू," ती म्हणाली. "मीच सांगितलंय. गोड्या पाण्याला हात लावशील तर बघ, म्हणून."

"पण का, आये?"

"का म्हणजे? नळ आता आलाय, त्यालाबी चौथ्या दिवशी पाणी. तू लहान होतास तवा दोन बांध ओलांडून मी हंडे आणायची. डोक्यावर एकावर एक दोन, आणि कडेवर तू. ते पाणी तुझा बाबा चाकांवर ओतेल नि मी बघत बसू? माझे मणके काय बसून झिजले?"

मला खरं तर रडू यायला हवं होतं. आला तो संतापच, आणि तो आता कुणावर काढायचा ते कळेना.

बाबा शेजारी येऊन बसला. ते अडकलेले बोल्ट करवतीनं कापायला दोन तास गेले. मी दमलो की पातं तो चालवायचा. मग नवे आर्म बसले, बॉल जॉइंट बसले. बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उतरवून, तिचा भार तिच्या अंगावर आल्यावर, नाहीतर नवं रबर पिळून महिन्यात फाटतं. जमिनीला गाल घासत तेही केलं. तीन वाजता बांधावरून एक फेरी मारली. स्टिअरिंग जरा डावीकडं ओढत होतं, पण आवाज म्हणून नाही. मी फुशारून घरात आलो. "चल आये, आता झोप लागेल तुला गाडीत."

ती उठली. बाबा तिच्याबरोबर मागं बसला. हायवेचं ते कायमचं अर्धवट काम, ती धूळ, दर फर्लांगावर बदलणारा रस्ता, बघूनच ओकारी येते. पण गाडी खड्ड्यात उतरायची आणि गपचूप वर यायची. नागोठण्याच्या अलीकडं आई म्हणाली, "थांबव."

मी काच खाली करून कान दिला. "आता कुठं वाजतंय?"

"गाडी नाय रे वाजत." तिचा चेहरा घामानं डबडबला होता. "इतके दिवस मलाबी वाटायचं, गाडीच दुखवते. ही माझीच पाठ हाय."

"घरी फिरवू?"

"नको. आज नाय गेले तर कधीच जायची नाय."

तिला मागच्या सीटवर आडवं केलं, बाबानं तिचं डोकं मांडीवर घेतलं, आणि उरलेला रस्ता मी सायकलच्या वेगानं कापला.

मावशीच्या घरी आईला बसता येईना. मग मावशीच्याच खाटेवर, भिंतीच्या बाजूला तिला निजवलं. मावशी बराच वेळ तिच्याकडं टक लावून होती. मग म्हणाली, "आलीस गो? सरक तिकडं, माझी जागा खातेस." आई हसली. हसलं की तिला कमरेत कळ येते, तरी हसली.

अंधार पडायच्या आत निघू म्हणून मी उठलो, तर आईनं मान हलवली. "मी आता परत गाडीत बसायची नाय. हिच्याजवळच राहू दे मला."

"किती दिवस?" मी विचारलं.

बाबानं तिच्या औषधांची पिशवी उशाशी ठेवली, तिच्या पायांवर चादर ओढली आणि माझ्याआधी बाहेर पडला. परतीला तो पुढं, माझ्या शेजारी बसला. रोहा ते पेण गाडी एकदाही वाजली नाही. मला त्या शांततेची शिसारी आली.