कागदावरचा गरीब

टेनी कोव्हच्या धक्क्यावर कुणाचा ट्रक कितीला पडला हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण कुणाची कमाई किती हे विचारायची पद्धत नाही. शेवंडं पकडणाऱ्या माणसाला दोन गोष्टी विचारू नयेत: सापळे कुठे टाकलेस आणि यंदा मिळाले किती. विचारलंच कुणी, तर तो समुद्राकडे बघत म्हणतो, 'चाललंय.' झाकली मूठ सव्वा लाखाची, हे अमेरिकेतल्या मेन राज्याच्या त्या किनाऱ्यावर पोरांना शिकवावं लागत नाही.

मर्ल ॲली तिथलाच. नवव्या वर्षी बापाच्या बोटीवर आमिषाच्या पिशव्या भरायला लागला, सोळाव्या वर्षी शाळेला रामराम ठोकला, आणि आता चोपन्नाव्या वर्षी आठशे सापळे, दुखरी कंबर आणि अर्धं कर्ज फिटलेली बोट एवढा त्याचा संसार. मच्छीमारांनी कराचा अर्ज मार्चच्या पहिल्या तारखेपर्यंत भरून टाकायचा, हा तिथला रिवाज. म्हणून दर फेब्रुवारीअखेर मर्ल बुटांच्या खोक्यात पावत्या कोंबून पॉलीन क्रॉलीकडे जायचा. पॉलीन त्याच्याच वर्गातली. गॅरेजवरच्या खोलीत बसून ती अख्ख्या गावाचा कर भरायची. मर्लच्या पावत्यांना आमिषाच्या खारवलेल्या हेरिंग माशांचा असा वास यायचा, की बाहेर बर्फ असलं तरी तिला खिडकी उघडावी लागे. डिझेल, दोर, आमिष, हातमोजे, इतकंच काय, फुटलेला थर्मासही मर्ल खर्चात धरायला लावायचा. शेवटी खाली निव्वळ कमाईचा आकडा उरायचा. तो जितका लहान, तितका मर्ल खूश. धक्क्यावर त्या आकड्याची बढाई मारता येत नसे, पण चालण्यात ती दिसायची.

त्याची पहिली बायको ग्वेन आठ वर्षांपूर्वी गेली. पोरंबाळं नव्हती. ग्वेनच्या आईच्या, अर्डेल बीलच्या, घराच्या मागच्या अर्ध्या भागात दोघं राहत. ग्वेन गेल्यावर मर्ल तिथेच राहिला. जा असं अर्डेल म्हणाली नाही, आणि जावं असं त्याच्या मनात आलं नाही. बर्फ तो उपसायचा, लाकडं तो फोडायचा, आणि दर शनिवारी संध्याकाळी अर्डेलच्या स्वयंपाकघरात दोघं मिळून गूळ घालून शिजवलेले बीन्स खायची. ग्वेनचं नाव फारसं निघत नसे. तिची खुर्ची मात्र कुणी हलवली नव्हती.

मग नोव्हलेट आली. जमैकाची बाई, टेकडीवरच्या हॉटेलात मे ते ऑक्टोबर स्वयंपाकघरात काम करायची, हिवाळ्यात घरी परतायची. मर्ल मागच्या दाराने शेवंडं पोचवायला जाई. पहिल्याच दिवशी तिने पेटीतलं एक शेवंड उचललं, कवच अंगठ्याने दाबलं आणि विचारलं, "मऊ कवचाचा माल कडकच्या भावात खपवतोस, होय रे?" चार वर्षांत मर्ल पहिल्यांदा हसला. हसताना आपला गाल दुखतोय हे त्याला कळलं, आणि ते त्याने तिला सांगूनही टाकलं. असल्या गोष्टी सांगणारा माणूस तो नव्हता.

दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत तो जन्मात पहिल्यांदा विमानात बसला. नोव्हलेटच्या गावच्या चर्चमध्ये लग्न झालं. सूट त्याच्याकडे एकच होता, ग्वेनच्या अंत्यविधीला घातलेला. नोव्हलेटला त्याने ते आधीच सांगितलं. ती म्हणाली, इस्त्री मी करते. तिच्या आईने वाढलेलं बोकडाचं मटण तो डोळ्यांतून पाणी गाळत खात होता, आणि ते सगळं पाणी तिखटाचं नव्हतं.

लग्नानंतर खरी पंचाईत झाली. कायमचं यायचा अर्ज केला की हंगामी कामाचा परवाना मिळत नाही. राहायला येणारी बाई परत जाईल यावर सरकारचा विश्वास नसतो. म्हणजे लग्नाआधी वर्षातले सहा महिने भेटणारी बाई लग्न झाल्यावर भेटेनाशी झाली. दोन उन्हाळे गेले, तिसरा उंबऱ्याशी आला. रोज पाच वाजता फोन. तिकडे पाऊस, इकडे धुकं, एवढंच बोलायचं, पण अर्धा तास बोलायचं.

एप्रिलमध्ये अखेर कागद आला. नवऱ्याने हमीपत्र द्यावं, ही बाई आली तर सरकारच्या गळ्यात पडणार नाही, मी पोसेन. सोबत ताजा कराचा अर्ज जोडावा. मर्ल तो कागद घेऊन पॉलीनकडे गेला. पॉलीनने चष्मा लावला, वाचला, काढला.

"दोन माणसांच्या घराला वर्षाला पंचवीस हजार डॉलरांच्या वर कमाई दाखवावी लागते," ती म्हणाली. "तुझी चौदा हजार दोनशे आहे."

"माझी चौदा नाही. तुला माहीत आहे."

"मला माहीत असून काय उपयोग? कागदावर तू भिकारी आहेस, मर्ल. आणि तसं मीच केलंय तुला, तुझ्याच सांगण्यावरून, अगदी कायद्यात बसवून."

मर्लने थोडा विचार केला आणि टेनी कोव्हच्या इतिहासात कुणी केली नसेल अशी विनंती केली. काही खर्च काढून टाक, मी जास्त कर भरतो, म्हणाला. पॉलीनने साफ नकार दिला. झालेला खर्च झालाच नाही म्हणून लिहिणं हेही खोटंच, असं तिचं म्हणणं. मग पेन्सिल फिरवत ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "उन्हाळ्यात पडवीत बसून शेवंडं विकतोस, रोखीने. ते पैसे या अर्जात कुठे आहेत ते मी आजवर विचारलं नाही. आता विचारते."

मर्लचे कान लाल झाले. पडवीतले पैसे कॉफीच्या डब्यात जात. सगळ्यांच्याच घरी असा एखादा डबा असे, आणि ती चोरी आहे असं कुणाला कधी वाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याने भरती-ओहोटीचं कॅलेंडर आणून पॉलीनपुढे ठेवलं. विकलेल्या प्रत्येक शेवंडाची बारीक खूण त्यावर होती. पॉलीनने दुरुस्तीचा अर्ज भरला, मर्लने राहिलेला कर व्याजासकट भरला. बाहेर आल्यावर त्याला हलकं वाटलं. आकडा एकोणीस हजारांवर गेला आणि तिथेच थांबला.

घर अर्डेलच्या नावावर, बोट बँकेकडे गहाण. दाखवायला दुसरं काही नव्हतं. आता एकच वाट उरली होती, दुसरा हमीदार. इथला नागरिक हवा, कागदावर पुरेशी कमाई हवी, आणि त्याने आपला कराचा अर्ज जोडून सही करायला हवी.

मर्ल नाक मुठीत धरून दारोदार हिंडला. चुलतभाऊ लाइल नव्या कोऱ्या ट्रकला टेकून ऐकत होता. तो म्हणाला, "तुझ्यासाठी जीव देईन मर्ल, पण कागदावर मी तुझ्याहून कंगाल आहे." पुढच्या घरीही तेच, त्याच्या पुढच्याही घरी तेच. ज्या गावात प्रत्येक अंगणात बोट आणि बर्फावरची गाडी उभी, ते अख्खं गाव कागदावर अन्नाला महाग होतं. मूठ उघडायची वेळ आली तेव्हा ती खरोखरच फुकाची निघाली. धाकटा भाऊ व्हर्नन पगारदार होता, त्याचा आकडा बसत होता. पण त्याची बायको मध्ये पडली. घरचे कागद बाहेर दाखवायचे नाहीत, म्हणाली. वर विचारलं, "आणि ती बाई वर्षभरात तुला टाकून गेली, तर आम्ही पोसायचं का तिला?" मर्ल टोपी घालून निघाला. अकरा दारं झाली होती. त्या दिवशी पाचच्या फोनवर नोव्हलेटने विचारलं, काही बिनसलंय का. तो म्हणाला, 'चाललंय.' फोन ठेवल्यावर त्याला स्वतःची चीड आली. ज्या बाईशी गाल दुखल्याचंही खरं बोलला होता, तिच्यापुढे आता त्याने मूठ झाकली होती.

बारावं दार त्याला सुचलंच नाही असं नाही. अर्डेलने तीस वर्षं गावचं पोस्ट सांभाळलं होतं. तिचं निवृत्तिवेतन सरकारी. पैन् पै कागदावर. टेनी कोव्हमध्ये श्रीमंत कोण असं सरकारला विचारलं असतं तर त्याने तिच्याकडेच बोट दाखवलं असतं. पण ग्वेनच्या आईला काय म्हणून विचारायचं? तुमच्या मुलीच्या जागी येणाऱ्या बाईची हमी घ्या म्हणून? लग्न करून परतला तेव्हा त्याने सगळं सांगितलं होतं. अर्डेल इतकंच म्हणाली होती, "ऊन लागलेलं दिसतंय," आणि आत गेली होती. त्यानंतर नोव्हलेटचं नाव तिच्या तोंडून आलं नव्हतं. मर्लने मनाशी ठरवलं होतं, नोव्हलेट आली की लाइलच्या आवारातलं जुनं ट्रेलर, म्हणजे चाकांवरचं घर, भाड्याने घ्यायचं. म्हातारीच्या डोळ्यांपुढे नको.

त्या शनिवारी बीन्स वाढता वाढता अर्डेल म्हणाली, "अकरा घरं हिंडलास म्हणे."

मर्लचा घास तोंडातच राहिला. अशा गावात कोण काय कमावतो ते कळत नाही, बाकी सगळं कळतं.

"हो, आई." ग्वेन म्हणायची म्हणून तोही तिला आईच म्हणायचा.

"व्हर्ननच्या बायकोकडे गेलास. लाइलकडे गेलास. त्या लाइलला स्वतःच्या कुत्र्याची हमी घेता येत नाही." तिने डाव खाली ठेवला. "मी भिंतीपलीकडे राहते. मला नाही विचारलंस."

काखेत कळसा नि गावाला वळसा, असं कुणीही म्हणेल. पण त्या काखेत हात घालायची मर्लची छाती नव्हती. तो ताटाकडे बघत म्हणाला, "तुम्हाला लागेल म्हणून नाही विचारलं."

"लागलंच. नाही विचारलंस ते लागलं."

सोमवारी सकाळी दोघं पॉलीनच्या खोलीत बसली होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची अर्डेल गॅरेजचा जिना एकेक पायरी थांबत चढली, पण मर्लला हात धरू दिला नाही. तिने पर्समधून नीट दुमडलेला कराचा अर्ज काढून टेबलावर ठेवला. जे त्या किनाऱ्यावर सख्ख्या भावाला दाखवत नाहीत, ते तिने दाखवलं. मर्लने मान खिडकीकडे वळवली.

पॉलीनने अटी वाचून दाखवल्या. ही हमी ती बाई नागरिक होईपर्यंत किंवा तिची इथे दहा वर्षांची नोकरी भरेपर्यंत.

"मी मेले तर?" अर्डेलने विचारलं.

"तर तुम्ही सुटलात."

"आणि यांचं फाटलं, काडीमोड झाला तर?"

पॉलीनने मर्लकडे बघितलं, मग कागदाकडे. "तरी तुम्ही बांधलेल्याच, मिसेस बील."

"म्हणजे लग्नातून नवरा सुटेल, पण मी सुटणार नाही." अर्डेलने पेन मागितलं. "चालेल."

मर्लला राहवलं नाही. "आई, तुम्ही तिला ओळखत पण नाही."

"तुझ्याआधीपासून ओळखते." अर्डेल सही करता करता बोलत होती, एकेक अक्षर सुटं. "पोस्टातले माझे शेवटचे दोन उन्हाळे. दर शुक्रवारी खिडकीशी यायची. आधी आईची मनीऑर्डर, मग भावाच्या पोरीच्या शाळेची, आणि उरलेल्या चिल्लरमध्ये स्वतःसाठी एक पोस्टाचं तिकीट. ग्वेन गेली होती त्याला दोनच वर्षं झाली होती. अख्खं गाव माझ्याशी हवापाण्याचं बोलायचं. त्या परक्या बाईने एकदा खिडकीतून हात घातला आणि माझा हात धरला. म्हणाली, मुलगी गेल्याचं ऐकलं, नाव काय होतं तिचं? गावात माझ्यापुढे ग्वेनचं नाव कुणी काढलं नव्हतं."

पॉलीन उगीचच कागद सारखे करू लागली. मर्लने टोपी हातात गोल गोल फिरवली. दोन वर्षं त्याने अर्डेलच्या गप्प बसण्याचा जो अर्थ लावला होता, तो सगळाच चुकला होता. "मग इतके दिवस तिचं नाव का नाही घेतलंत?" त्याने विचारलं.

अर्डेलने सही पुरी केली. समोर नोव्हलेटचा अर्ज पडला होता. ही बाई इथे येऊन कुठे राहणार, हा त्यातला रकाना मर्लने अजून भरला नव्हता. पॉलीनने त्यावर बोट ठेवलं. एवढा राहिलाय, म्हणाली.

"लाइलचं ट्रेलर..." मर्लने सुरुवात केली.

अर्डेलने पेन खाली ठेवलं नव्हतं. कागद आपल्याकडे ओढून तिने तीस वर्षांच्या सरावाच्या टपोऱ्या अक्षरांत आपल्या घराचा नंबर लिहिला, रस्ता लिहिला, गाव लिहिलं. पिनकोडावर मात्र ती थांबली, जणू तो तिला आठवत नव्हता.

"नाव घेतलं असतं, तर तू म्हणाला असतास, आम्ही जातो," ती म्हणाली. "तू जाशील या भीतीने मी गप्प होते. इथेच राहाल ना रे?"

मर्लने होकाराची मान हलवली, आणि ती दिसली की नाही अशी शंका येऊन पुन्हा हलवली. मग अर्डेलने पिनकोड पुरा केला आणि कागद पॉलीनच्या हातात दिला.