गाडीतल्या स्वयंपाकघराची फजिती

गाडीत राहायला लागल्यापासून आमची भांडी कमी होत गेली आणि किस्से वाढत गेले. भांडी बहिणीकडे ठेवता येतात, किस्से कोण ठेवून घेणार? त्यात आमचे बहुतेक किस्से खाली मान घालूनच सांगण्यासारखे!

रिटायर झालो, अमरावतीचं घर भाड्यानं दिलं, अकोल्यात एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली आणि तिच्यात पलंग, ओटा, गॅस बसवून घेतला. आता बारा महिने आम्ही दोघं तिच्यातच राहतो. हौस माझी. वसुधाला, म्हणजे बायकोला, एकच धास्ती. "लोकं मनतीन, पोरानं घराबाहेर काढलं!" पोरगा बिचारा हैदराबादला नोकरी करतो, रोज फोन करतो. त्याला कोणी नावं ठेवू नयेत म्हणून तिनं ठरवून टाकलं, गाडीतला स्वयंपाक घरच्यासारखाच झाला पाहिजे.

*

म्हणून पहिलं सामान चढलं ते पाटा-वरवंटा! मी म्हटलं, "मिक्सर घे."

"मिक्सरातला ठेचा तुमीच खा!"

मूर्तिजापूरच्या स्पीडब्रेकरवर वरवंटा सुटला, तो ओट्याखालचं दार फोडून थेट माझ्या सीटला येऊन धडकला. एका टपरीसमोर सगळं सामान खाली काढून पुन्हा लावत बसलो. टपरीवाला चहा घेऊन आला, पण पैसे घेईना.

"राहू द्या काका. घर खाली करा लागलं की मानसाचं डोकं ठिकान्यावर राह्यत नाही!"

वसुधा तो चहा प्यायलीच नाही. पाटा नांदगाव खंडेश्वरला माझ्या बहिणीकडे उतरवला आणि त्याच्या जागी छोटा लोखंडी खलबत्ता आला.

*

मग कुकर. सिलिंडर जपून वापरायचा, तर कुकर हवाच. मोझरीला आश्रमाजवळ गाडी लावली. संध्याकाळची प्रार्थना, सगळे डोळे मिटून बसलेले, आणि आमच्या तुरीच्या डाळीनं शिट्टी मारली! मी धावत जाऊन गॅस बंद केला, तरी जाता जाता आणखी एक झालीच.

प्रार्थना संपल्यावर एक पांढऱ्या टोपीतले आजोबा हात जोडून दारात आले.

"भाऊ, वरन झालं का? आमचं सारं ध्यान तिकडंच होतं!"

ते हसत होते. मला मात्र मान वर करवेना. तेव्हापासून डाळ सकाळी भिजत घालतो आणि झाकणाच्या पातेल्यात शिजवतो.

*

हे ऐकून पोरानं इंडक्शन शेगडी पाठवली. "बाबा, ना धूर, ना आवाज!"

अकोल्यात भाच्याचं लग्न होतं. लॉनच्या मागे गाडी लावली, मंडपाच्या बोर्डातून वायर ओढली आणि चहा ठेवला. तिकडे वरात दारात आली आणि डीजे बंद! पंखे बंद! नवरदेव घोडीवर तसाच ताटकळत. इलेक्ट्रिशियन वायर धरून शोधत आला तो आमच्या दाराशी, मागे अर्धी वरात.

"चाय कोन बनवून राह्यलं बे?"

वसुधा हातात गाळणी घेऊन उभी. व्याह्यांकडची एक बाई माझ्या बहिणीला हळूच विचारत होती, "याईले घर नाही काय?" लाजेनं मेल्यासारखं झालं. पंगतीतही आम्ही अगदी कोपऱ्यात बसलो.

*

शेंदूरजनाघाटला एका संत्राबागेच्या मालकानं विहिरीजवळ गाडी लावू दिली. समोरच त्याचं मोठं दुमजली घर, भाऊ, सुना, नातवंडं. त्याची म्हातारी आई आमच्यासाठी रोज डबा पाठवायची. रिकामा डबा परत देत नाहीत, पण आमच्या टीचभर ओट्यावर करणार तरी काय? वसुधा त्यात गूळ-शेंगदाणे भरायची आणि लाज वाटते म्हणून मलाच पाठवायची.

एका सकाळी म्हातारी स्वतःच काठी टेकत आली. वसुधा घाबरली. काही विचारायच्या आतच बोलून मोकळी झाली, "मावशी, आमाले पोरानं काढलं नाही हो! आमी हौसेनं राह्यतो."

म्हातारी गाडीत चढली. तिनं शेगडी पाहिली, एकात एक बसणारी पातेली पाहिली, पलंगावर हात फिरवला. मग घराकडे एकदा वळून बघितलं आणि पदराखालून एक ताटली आणि गिलास काढून ओट्यावर ठेवला.

"तुमच्यापाशी भांडे कमी, मनून माह्ये मीच आनले. बाई, आनखी एक मानूस मावते का या गाडीत?"