आधी भाकरी, मग मोहाची

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. चार माणसं रोज एकाच चटईवर टेकली की ते आपोआप साचतात आणि भलत्याच गप्पांत मध्येच आठवतात. माझ्याकडचे बरेचसे देवपुरातल्या सरूअक्काच्या गुत्त्यातले. हो, गुत्त्यातलेच! त्या काळी मी धुळ्याच्या कोर्टात क्लार्क होतो आणि संध्याकाळी पांझरा ओलांडून तिथे जायचो. त्यात लाजायचं काय?

अक्काकडे सगळं मोहाचं. दारू मोहाची, गोड भाकरी मोहाच्या वाळल्या फुलांची, दिव्यातलं तेलसुद्धा मोहाच्या बियांचं. पण नियम एकच आणि तो सगळ्यांना सारखा. गिऱ्हाईक टेकलं की पोटात काय आहे, हे अक्का तिच्या अहिराणीत विचारायची, "पोटमा काय शे?"

उत्तर काहीही द्या, समोर आधी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि भरीत यायचं. ताट रिकामं झाल्याशिवाय पेला भरायचा नाही!

*

एकदा कोर्टाला सुट्टी असताना भरदुपारी आबकारीचे नवे साहेब आले. "माल टेस्ट करायचाय," म्हणाले. आवाज असा, की आम्ही चटईवरच सावरून बसलो.

अक्का म्हणाली, "साहेब, पोटमा काय शे?"

"मी ड्युटीवर आहे, बाई!"

"ड्युटीवरबी पोट ऱ्हास ना?"

साहेब नाइलाजाने बसले. दोन भाकरी झाल्या, तिसरी झाली, वर मोहाची गोड भाकरी झाली. मग भिंतीला टेकून जे घोरायला लागले, ते दिवेलागणीलाच जागे झाले. टोपी घालत म्हणाले, "उत्तम! तक्रारीला जागा नाही."

"पण साहेब, तुम्ही दारू चाखलीत कुठे?" मी विचारलं.

"मी भरताबद्दल बोलतोय!"

*

आमच्या कंपूत रहीमभाई टांगेवाले होते. थेंबालाही शिवत नसत, पण भरतासाठी रोज हजर. एकदा अक्काने फुलं भिजत घातली आणि विसरली. ती आंबली, म्हणून तिने मागे उकिरड्यावर टाकली. रहीमभाईंच्या घोड्याने सगळी फस्त केली!

पुढच्या फेरीला टांग्यात एक वकीलसाहेब होते, चाळीसगावची गाडी गाठायची होती. घोडा नदीच्या मध्यावर गेला आणि थांबला. ओढलं, चुचकारलं, शिव्या घातल्या. तो आपला पाण्यात स्वतःचं तोंड बघत उभा. शेवटी वकीलसाहेब धोतर वर खोचून, बॅग डोक्यावर घेऊन पाण्यातून निघाले. गाडी अर्थातच गेली.

रहीमभाई तणतणत अक्काकडे आले. तिने सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "घोडाले आधी चारा दिन्हा व्हता का?"

"नाही."

"मंग!"

*

आणि कापसाच्या जिनातले फिटर गंगाराम आबा. हे घरी जेवायचेच नाहीत. बायको रांधून थकली, रुसून थकली. एका संध्याकाळी ती आबांना दंडाला धरून गुत्त्याच्या दारात आली. आम्ही म्हटलं, झालं, आता महाभारत!

तर ती अक्काला म्हणते, "बाई, तुना आठे तरी हाऊ माणूस जेवस. सांभाळ यासले!" आणि निघून गेली.

नवऱ्याला गुत्त्यातून ओढून नेणाऱ्या बायका देवपुरात पुष्कळ होत्या. आणून सोडणारी ही एकच!

त्या दिवशी आबांनी चिडून विचारलं, "अक्का, हा नियम काढला तरी कोणी?"

अक्का भाकरी थापत होती. थापतच म्हणाली, "मना घरना माणूस कधी जेवे नही. नुसता पिये. जवानच गया." आबा मुकाट्याने जेवले.

*

मग सत्याग्रहाचे दिवस आले. एका रविवारी वामन मास्तर पाच-सहा बायकांना घेऊन गुत्त्याच्या दारात पिकेटिंगला बसले. आम्ही पलीकडच्या निंबाखाली चोरासारखे उभे. एका अंगाने मास्तरांचं पटत होतं. दुसऱ्या अंगाने, गुत्ता गेला की अक्काची चूल गेली, हेही दिसत होतं. तिला दुसरं कोण होतं?

ऊन चढलं. अक्का दारात आली. "मास्तर, पोटमा काय शे?"

"काही नाही. गुत्ता बंद होईपर्यंत आमचा उपास आहे."

अक्काचा चेहरा पडला. तिच्या दारात उपाशी माणूस! "गुत्ता बंद व्हई गया तर मी खासू काय?" तिने विचारलं.

तेवढ्यात अरेस्ट करायला पोलीस आले. मास्तर उठले. अक्का आडवी आली. "जेवाबिगर मना दारवरथून कोनी जावाव नही!"

"बाई, बाजूला हो," फौजदार ओरडले.

"तुमना पोटमा काय शे?"

सकाळपासून फौजदारही उपाशीच होते!

निंबाखालून रहीमभाई पुढे आले. म्हणाले, "अक्का, मी कधी प्यायलो? तरी भरतासाठी रोज येतो ना? मग तू कसली काळजी करतेस?"

अक्काने दारावरची लायसन्सची पाटी उतरवली, आत गेली आणि ती चुलीत सारली. "आते तरी जेवा," म्हणाली.

मास्तर, बायका, पोलीस, आम्ही, सगळे एका पंगतीत बसलो. पुढे तिथे खानावळ झाली आणि ती अशी चालली, की संध्याकाळी चटईवर जागा मिळेना! जेवणानंतर पोलिसांनी नेलेले मास्तर सुटून आले तेही आधी तिथेच.

*

पण मला आठवते ती त्याच दिवशीची संध्याकाळ. उरलेली दारू नदीत ओतायची ठरली. आम्ही हंडे उचलले. अक्काने एक पेला तेवढा बाजूला भरून घेतला. पांझरेच्या काठावर ती खाली बसली, पदराखालून भाकरी काढली, वाळूवर नीट ठेवली, वर भरीत वाढलं आणि घरच्या माणसाचं ताट रिकामं व्हायची वाट बघावी तशी थांबली.

"आज तरी जेवीसन पे," म्हणाली, आणि मग पेला हळूहळू भाकरीशेजारी ओतला.