रंगरावांचा दुसरा सीझन

आमच्या त्या सीरियलचे किस्से मी कधी मुद्दाम जमवले नाहीत. घरात प्लास्टिकच्या पिशव्या जमतात तसे ते आपोआप जमले. फेकायला जीव होत नाही आणि एक ओढली की मागून दोन बाहेर येतात.

गोष्ट परतूरची. घरोघरी नुकतं केबल आलं होतं. आमचे केबलवाले शकीलभाई दुपारी पिक्चर लावायचे आणि मध्ये मध्ये साडीच्या दुकानाची जाहिरात. एक दिवस त्यांना वाटलं, आपलीही सीरियल पाहिजे. मी दिवसभर कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात बसायचो आणि गणपतीत नाटकं लिहायचो, म्हणून लेखक मी झालो. मानधन नव्हतं. मान होता. शकीलभाई मला 'रायटर साहेब' म्हणायचे.

सीरियलचं नाव 'नमस्कार, रंगराव बोलतोय'. रंगराव रेडिओवर बसून अख्ख्या जिल्ह्याला संसाराचे सल्ले देतात आणि त्यांच्या घरात त्यांना भाजी कोणती करू हेसुद्धा कोणी विचारत नाही. पहिले भाग एवढे चालले की शकीलभाईंनी लगेच पुढचे काढले. आता त्याला दुसरा सीझन म्हणतात. आम्हाला तेव्हा सीझन कापसाचाच माहीत होता.

*

नायक रेडिओवालाच का, असं मला फार लोक विचारतात. त्यामागं काही तरी कलात्मक विचार असेल असं त्यांना वाटतं.

विचार असा होता. मी आधी एका कलेक्टरची गोष्ट नेली होती. शकीलभाईंनी ती शांतपणे ऐकून घेतली. मग म्हणाले, कलेक्टर म्हटलं की बंगला आला, गाडी आली, शिपाई आला. "त्याच्यापेक्षा रेडिओवाला बराबर आहे. एका जाग्यावर बसतो. खर्चा बिलकुल न्हाई."

स्टुडिओ म्हणजे त्यांचं गोडाऊन. टेबल त्यांचं, माईक बँडवाल्यांचा. खऱ्या स्टुडिओत भिंतीला आवाज शोषणारं काही तरी असतं म्हणून आम्ही अंड्यांचे ट्रे चिकटवले. दुसऱ्या सीझनला आम्हाला पहिला प्रायोजक मिळाला. अंडीवाला. रंगरावांच्या मागं तो माल बघून त्याला वाटलं, माणूस आपल्याच लाइनमधला आहे.

*

रंगरावांचं काम करायचे दिगंबरराव. ते बसस्टँडवर गाड्यांची अनाउन्समेंट करत. त्यांनी "आष्टीकडे जाणारी गाडी" असं म्हटलं की ज्याला जायचं नाही त्यालाही आष्टीला जावंसं वाटायचं.

सीरियल चालली आणि स्टँडवरच्या खिडकीपाशी भलतीच गर्दी सुरू झाली. गाडीची चौकशी कोणी करेना. एक गृहस्थ आले. धाकट्या भावापासून वेगळं निघावं का, म्हणाले. दिगंबररावांनी त्यांना तब्येतीत समजावलं. वाटणी, आई, भावजय, सगळं आलं. माईक चालूच राहिला होता, त्यामुळे अख्खा स्टँड कान देऊन ऐकत होता. काही बायांनी डोळे पुसले.

गृहस्थांचं मन हलकं झालं तेव्हा त्यांना आठवलं की आपण मंठ्याची गाडी विचारायला आलो होतो. ती गेली होती. रिकामी गेली होती, कारण तिची अनाउन्समेंट झालीच नव्हती आणि बसणारे सगळे वाटणीचं ऐकत उभे होते.

एसटीच्या साहेबांनी दिगंबररावांना बोलावून सांगितलं, स्टँडवर फक्त गाड्यांबद्दल बोलायचं. ते दोघे भाऊ अजून एकत्र आहेत, असं ऐकतो.

*

रंगरावांची बायको झाल्या होत्या सुमनताई. त्या शाळेत शिक्षिका. एका भागात मी लिहिलं होतं की बायको चूक कबूल करून नवऱ्याच्या पाया पडते. ताईंनी कागद वाचला, चष्मा काढला आणि मला विचारलं की तिची चूक नेमकी काय आहे. मी शोधली. सापडेना.

"मंग पाया कोण पडंल?" ताई म्हणाल्या.

त्या भागात रंगराव पाया पडले. सगळ्यात जास्त तोच चालला.

पण ताईंना खरा त्रास बाजारात व्हायचा. बाया त्यांना गाठायच्या, तुमच्या मालकांना आमचं एवढं विचारा म्हणायच्या. एकदा त्या त्यांच्या खऱ्या यजमानांसोबत भाजी घेत होत्या. पिशव्या यजमानांच्या हातात. भाजीवालीनं रंगरावांची तब्येत विचारली, दोन वांगी जास्त टाकली आणि यजमानांकडे बघून म्हणाली, "हे दीर का?"

ताई हो म्हणाल्या. फार बोलत बसायला वेळ नव्हता, असं त्यांनी नंतर सांगितलं.

*

आता दिगंबररावांच्या घरचं. त्यांची मुलगी वैशाली बीए झाली होती. स्टेशनच्या पलीकडच्या एका घरातून तिला बघायला आले. मुलगा खतांच्या दुकानावर बसायचा, घर चांगलं. घरातल्यासारखा म्हणून मीही पोह्यांना हजर होतो.

पाहुण्यांनी मुलीकडे एकदा पाहिलं आणि मग सगळे दिगंबररावांकडेच बघत बसले. रंगराव प्रत्यक्ष समोर! मुलाचे वडील तर भारावूनच गेले होते. शेवटी त्यांनी हात जोडले आणि विचारलं की आता तुम्हीच सांगा, अशा वेळी माणसानं काय करावं.

कुसुमवहिनी, म्हणजे दिगंबररावांच्या मंडळी, दारातून खुणा करत होत्या. पण तोवर उशीर झाला होता. दिगंबरराव ताठ बसले. आवाज खाली आला. समोर माईक नव्हता एवढंच.

"घाई करू नका," ते म्हणाले. "लग्न म्हणजे जन्माचा सवाल आहे. अजून चार घरं बघा, मंग ठरवा."

पाहुण्यांनी माना डोलावल्या, पोहे संपवले आणि चार घरं बघायला गेले. दिवाळीला गेले, उन्हाळा आला तरी बघतच होते. मुलाचे वडील गावभर सांगायचे की मुलीचा इतका निःपक्षपाती बाप आपण पाहिला नाही.

वहिनींनी नवऱ्याशी बोलणं बंद केलं. जेवायला वाढायच्या, पण शब्द नाही. वैशालीही गप्प झाली. तिला तो मुलगा मनापासून पसंत होता, हे तिनं आईला सांगितलं होतं. बापाला सांगायला जावं तर तो शूटिंगला. दिगंबरराव मला म्हणाले, "पूरं परतूर माझं ऐकून राह्यलं, अन् घरात कोणी ताटावर सुद्धा बोलंना." मी म्हटलं, असंच तर मी लिहिलंय. त्यांना ते फारसं आवडलं नाही.

*

शेवटचा भाग शकीलभाईंनी लाइव्ह ठेवला. टेबलावर खरा फोन, पडद्यावर खाली नंबर. लोकांनी फोन करायचे, रंगरावांनी खरे सल्ले द्यायचे. मला लिहायला काहीच नव्हतं, म्हणून मी वायर धरून उभा होतो.

पहिला फोन आला तो आमच्या टीव्हीवर मुंग्या दिसतात म्हणून. दुसऱ्याला उद्या दुपारी मारामारीचा पिक्चर पाहिजे होता. दिगंबररावांनी दोघांनाही धीर धरायला सांगितलं.

तिसरा फोन एका मुलीचा होता. फोन स्पीकरला जोडलेला, त्यामुळे आम्हा सगळ्यांना ऐकू येत होतं. ती म्हणाली, मला एक मुलगा पसंत होता. त्याच्या घरच्यांनाही मी चालत होते. पण माझ्या वडिलांनी त्यांना परत पाठवलं.

दिगंबरराव कागदावर रेघा ओढत होते. दिवसभराची ड्युटी करून आलेले, लक्ष अर्धंच. सवयीनं त्यांनी विचारलं, "वडिलांनी तुम्हाला विचारलं न्हाई का?"

"न्हाई. ते बाकीच्या सगळ्यांचं ऐकतात."

"तुमचं नाव काय, बाई?"

"तुम्हीच ठेवलंय," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

दिगंबररावांच्या हातातला पेन थांबला. ते कॅमेऱ्याकडे बघत राहिले, बघत राहिले, मग उठले आणि निघून गेले. बाहेर त्यांची स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला. पडद्यावर रिकामी खुर्ची आणि अंड्यांचे ट्रे. शकीलभाई मला खुणेनं विचारत होते, हे लिहिलेलं आहे का. मी नाही म्हणून मान हलवली.

तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. उचलायला कोणी नाही. शेवटी सुमनताई आल्या, पदर नीट केला, रंगरावांच्या खुर्चीत बसल्या आणि त्यांनी फोन घेतला. कोण बोलतंय म्हणून विचारलं.

"त्या मुलाचा बाप बोलतोय," पलीकडून आवाज आला. "साहेब निघाले का घरी?"

निघाले, ताई म्हणाल्या.

"त्यांना म्हणावं, स्कूटर जरा हळू चालवा. आम्हाला पण तिकडं यायचंय, चपला घालायला वेळ लागतो."