स्टँड नसलेली सायकल

सायकल घरी आली तेव्हा तिला पायडलच नव्हते. एवढ्या महागाच्या सायकलींना पायडल देत नाहीत, ते आपल्या आवडीने वेगळे घ्यायचे असतात, हे दुकानदाराने मला आधी सांगितलं होतं आणि मीही जाणकारासारखी मान डोलावली होती. पण मेहकरला आपल्या अंगणात, खोकं उघडल्यावर, वडिलांना ते समजावून सांगणं वेगळं.

"पायडल कुठी हायेत?" बाबांनी विचारलं.

"वेगळे येतात, बाबा."

"स्टँड?"

"हिला नसतो."

"मडगार्ड? कॅरिअर? घंटी?"

"नसतं काहीच."

"मंग इकलं काय त्यानं तुले?"

माझा नवरा पायरीवर बसून दाढी पुसत होता. त्याने टॉवेलमध्ये तोंड लपवलं. एका घरात दोन पुरुष असले की एकाने तरी बाईची बाजू घ्यावी, पण आमच्याकडे ती पद्धत नाही.

बाबांना सायकलीतलं कळत नाही असं कोणी म्हणू नये. ते पोस्टमन होते. धामणगाव बढे आणि आजूबाजूच्या खेड्यांत बत्तीस वर्षं त्यांनी सायकलवर टपाल वाटलं. चार वर्षांपूर्वी आई गेली आणि ते माझ्याकडे राहायला आले, तेव्हा सामान म्हणून एक ट्रंक आणि ती काळी सायकल एवढंच आणलं. वय अठ्ठ्याहत्तर. सायकल आता चालवत नाहीत, पण दर रविवारी पुसतात, चेनला तेल देतात, आणि ती आमच्या ओसरीत स्वतःच्या स्टँडवर ताठ उभी असते.

"केवढ्याची पडली?" त्यांनी विचारलंच.

"अठरा हजार," मी म्हणाले.

मी हायस्कूलमध्ये गणित शिकवते. आकडा सांगताना माझा चेहरा हलत नाही. खरी किंमत एक लाख बेचाळीस हजार होती. नवऱ्याला ती बँकेच्या मेसेजवरून कळली होती आणि त्यानंतर दोन दिवस तो माझ्याशी फार अदबीने वागत होता. बाबांना खरं सांगायची मात्र माझी छाती झाली नाही. धामणगावचं घर त्यांनी ज्या पैशात बांधलं, त्याहून जास्त मी दोन चाकांना मोजले, हे त्यांना कोणत्या तोंडाने ऐकवायचं?

अठरा हजारही त्यांना पचले नाहीत. "अठरा हजारात दोन बकऱ्या येतात," ते म्हणाले, "अन् वरून पिल्लं देतात." मग त्यांनी ते भलंमोठं खोकं नीट घडी करून माळ्यावर ठेवून दिलं. खोकं चांगलं आहे, कामी येईल, म्हणाले.

आता मूळ प्रश्नाकडे येते, कारण तो मला सगळ्यांनी विचारला. एवढे पैसे देण्यासारखं त्या सायकलीत असतं तरी काय? खरं सांगायचं तर सपाट रस्त्यावर बरंचसं मिरवणं असतं. पैनगंगेच्या पुलावरून माझ्या पुढे निघून जाणारा दूधवाला तीन किटल्या अडकवून, साध्या सायकलवर, गाणं म्हणत जातो. काटा बाभळीचा असला की किंमत विचारून टोचत नाही. सोयाबीन निघालं की लोक ते रस्त्याच्या कडेला वाळत घालतात. त्या दाण्यांवरून बारीक टायर गेला की माणूस थेट सोयाबीनमध्ये. मी दोनदा गेले. दुसऱ्या वेळी सोयाबीनच्या मालकिणीने मला उठवलं, कपडे झटकले आणि विचारलं, "मॅडम, पेट्रोल परवडत नाही का?"

पण चढ लागला की गोष्ट बदलते. लोणारच्या रस्त्याला एक लांब चढ आहे. तिथे बोटाने गिअरचा एक खटका दाबला की सायकल हलकी होते, आणि पन्नाशी उलटलेली, गुडघे कुरकुरणारी मी, बसल्या जागी वर जाते. माथ्यावर पोचल्यावर मला पहिल्यांदा जे वाटलं ते असं होतं की हे शरीर अजून माझं आहे, शाळेचं नाही, घराचं नाही. मी तिथे एकटीच मोठ्याने हसले. त्या हसण्याचे किती द्यावेत, याचा भाव मला ठरवता येत नाही.

तर सायकल माझी लाडकी झाली आणि बाबांची डोकेदुखी. त्यांचं एकच दुखणं होतं: स्टँड. त्यांच्या मते स्टँड नसलेली सायकल म्हणजे बसायला जागा न दिलेला माणूस. रोज मी ती ओसरीच्या भिंतीला टेकवून शाळेत जायचे, आणि रोज ते म्हणायचे, "पडन हे." एके दिवशी शेजारची बकरी आत शिरली आणि ती पडलीच. नुसतं हँडल खरचटलं, पण बाबा संध्याकाळपर्यंत जेवले नाहीत. मला ते जरा अतिच वाटलं. अठरा हजाराच्या सायकलीसाठी एवढं?

पुढच्या आठवड्यात मी शाळेतून आले तर सायकल ओसरीच्या मधोमध, भिंतीपासून हातभर लांब, एकटी उभी. खाली चकचकीत स्टँड. हँडलला पितळी घंटी. घंटीला झेंडूचा हार.

बाबा दारातच उभे होते. आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून.

"घेऊन गेलतो बसस्टँडजवळच्या मिस्त्रीकडे," ते म्हणाले. "हातात धरून नेली, हातात धरून आनली. कॅरिअर काही बसलं नाही, हिच्या मागं जागाच नाही देल्ली त्यानं. पन स्टँड असा कसून देल्ला की बैलानं ढकललं तरी हालनार नाही. पाहा ढकलून."

मी ढकलून पाहिलं. हलली नाही.

"रंग खराब होऊ नये म्हनून खालून ट्यूबचा तुकडा बी लावला," ते म्हणाले.

"छान झालं, बाबा," मी म्हणाले, आणि मनापासून म्हणाले. कारण चार वर्षांत हे पहिलं काम होतं, जे त्यांनी कोणाला न विचारता, एकट्याने केलं होतं. मेहकरच्या रहदारीतून एक म्हातारा माणूस ती सायकल सांभाळत गेला होता, मिस्त्रीशी घासाघीस करून, उभं राहून काम करून घेऊन परत आला होता. त्याआधी आम्ही त्यांच्या हातून एकेक करून सगळं काढून घेतलं होतं. गॅस लावू नका, भाजीला जाऊ नका, बँकेत मी जाते, मोबाइल मला द्या. सगळं प्रेमानेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घंटी वाजवत निघाले. पुलापाशी मागून कटकट असा आवाज यायला लागला. उतरून पाहिलं. मागच्या चाकाकडे जाणाऱ्या दोन नळ्यांना ज्या पट्टीने स्टँड आवळला होता, तिच्या कडेने केसाएवढी चीर गेली होती. बोटाने दाबली तर आत गेली.

फोटो काढून दुकानदाराला पाठवला. त्याचा लगेच फोन आला. तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, कार्बनच्या फ्रेमला स्टँड कोणी लावला?" लोखंड असतं तर काही झालं नसतं. कार्बनची नळी अशी आवळली की चिरडते. आता हिच्यावर बसू नका, मध्येच तुटेल. आणि हे वॉरंटीत येत नाही.

मिस्त्रीचा काय दोष? त्याने आयुष्यभर लोखंडच आवळलं होतं. आणि बाबांचा तर त्याहून नाही.

"सांगून टाक त्यांना," नवरा म्हणाला. पहिल्यांदाच त्याने टिंगल केली नाही.

मी नाही सांगितलं. सांगितलं असतं तर अठरा हजाराची थाप उघडी पडली असती, ते एक असो. पण त्यांच्या हातून आपल्या मुलीची एवढी महाग वस्तू गेली हे कळल्यावर त्या माणसाने घरातल्या पाण्याच्या तांब्यालाही हात लावला नसता. एकट्याने केलेलं ते एक काम, तेही असं निघालं हे त्यांना कळू द्यायचं नाही, एवढंच मी ठरवलं.

मग सुरू झालं माझं नाटक. रोज सकाळी मी हेल्मेट घालून, घंटी वाजवून, सायकल हातात धरून गल्लीच्या टोकापर्यंत जायचे; एरवीही मी मोठ्या रस्त्याला लागल्यावरच तिच्यावर बसायचे. बाबा दारातून बघत असायचे म्हणून शेवटची दहा पावलं जरा ऐटीत. वळण आलं की पुढे तासभर तिला नुसतं हातात धरून न्यायचं, शेळी चरायला नेल्यासारखं. दूधवाला पहिल्या दिवशी म्हणाला, "पंक्चर का, मॅडम?" चौथ्या दिवशी त्याने विचारणं सोडलं. परत येताना नळावर तोंड ओलं करायचं, म्हणजे घाम दिसतो. आणि घरी आल्यावर तिला स्टँडवर उभी करून म्हणायचं, "बघा बाबा, कशी ताठ उभी राहते." बाबा मान हलवायचे. मी त्यांना चहा द्यायचे, बिस्किट द्यायचे, उगाच गोड बोलायचे. तीन आठवडे हे चाललं.

मग एका रविवारी मी आले तर ते ओसरीत स्टूल टाकून बसले होते. मांडीवर फडकं.

"बस इथं," ते म्हणाले.

मी हेल्मेटसकट बसले.

"दर रविवारी मी दोन्ही सायकली पुसतो. तीन रविवार झाले, तुझ्या चेनचं काळं माझ्या फडक्याले लागून नाही राह्यलं. चालवत नाहीस तू."

"सध्या जरा गुडघा..."

"गुडघ्याले काय झालं? रोज तासभर चालून राह्यलीस." त्यांनी फडक्यासकट चिरेवर बोट ठेवलं. "हे म्या पहिल्याच रविवारी पाह्यलं. माझ्या स्टँडनं झालं ना?"

"जाऊ द्या ना, बाबा. अठरा हजाराची तर सायकल..."

"एक लाख बेचाळीस हजार."

मी दारात उभ्या नवऱ्याकडे पाहिलं. त्याने दोन्ही हात वर केले.

"त्याच्याकडे काय पाहतेस? बत्तीस वर्षं पार्सलं वाटली म्या. खोक्यावरची चिठ्ठी वाचल्याबिगर खोकं उघडीन का मी? किंमत छापूनच होती त्याच्यावर."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तू अठरा म्हनालीस. म्हटलं, पोरीले अठराच सांगायची हाय तं अठरा." त्यांनी फडकं झटकलं. "पन एवढ्या किमतीची वस्तू भिंतीले टेकवून तू शाळेत जाऊन राह्यली, मले दुपारची झोप येत नव्हती. बकरीनं पाडली त्या दिवशी तं घास उतरला नाही. म्हनून लावला स्टँड."

त्यांचा आवाज चढला.

"तीन हप्ते वाट पाहून राह्यलो, आज बोलन, उद्या बोलन. तुही माय असती तं तिनं माझ्या नावानं अख्खी गल्ली गोळा केली असती. एक बरनी फुटली होती माझ्या हातून तं आठ दिवस ऐकवलं तिनं. अन् तू? चहा घ्या बाबा, बिस्किट घ्या बाबा. काऊन वं? मी पाव्हना हाय का या घरात?"

एवढं ऐकल्यावर माझं डोकं सटकलं. हेल्मेट काढून मी जी सुरू झाले ती थांबेना, आणि कधी मी पुन्हा धामणगावची झाले ते मलाही कळलं नाही.

"मंग इचारता येत नव्हतं मले? कोनाच्या सायकलीले हात लावता तुम्ही? दोन वर्षं पैसे साठवले म्या तिच्यासाठी! अन् नळ काऊन उघडा ठेवता रोज? अन् पेपराचे कागद अलग अलग काऊन करून ठेवता? टीव्ही किती मोठा लावता, पोरांचे पेपर तपासता येत नाहीत मले!"

"टीव्ही तुझा नवरा मोठा करते," बाबा म्हणाले.

"मधात बोलू नका!"

शेजारीण भिंतीवरून डोकावली, बकरीसकट. बाबा खाली मान घालून ऐकत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते चार वर्षांत मी पाहिलं नव्हतं. बोलता बोलता मला रडू आलं. इतकी वर्षं मी त्यांना जपत होते आणि त्या जपण्यातच ते एकटे पडत चालले होते, याची मला लाज वाटली.

मी थांबल्यावर त्यांनी विचारलं, "झालं?"

"झालं."

"मंग चहा टाक. बिस्किट नको."

पुण्याला एक माणूस फुटलेल्या कार्बनच्या फ्रेम सांधून देतो असं दुकानदाराने शोधून सांगितलं. किती खर्च येईल ते फ्रेम पाहिल्यावर सांगतो, असं तो पुण्याचा माणूस म्हणाला. स्टँड बाबांनीच सोडला, अर्धा तास लावून, आणि तो पेपरात गुंडाळून आपल्या ट्रंकेत ठेवला. घंटी मात्र परत येणाऱ्या सायकलीला लागणार, यावर ते अडून बसले आणि मी हो म्हटलं. मग माळ्यावरून खोकं उतरलं. पॅकिंग त्यांनी केलं, सुतळीची गाठ त्यांनी मारली. मी मध्ये हात घालायला गेले तर म्हणाले, "सरक तिकडं."

पत्ता लिहायला त्यांनी जाड पेन मागितलं. मोठ्या, ठसठशीत अक्षरांत पुण्याचा पत्ता लिहिला, खाली आमचा. मग कुरियरचा फॉर्म पुढे ओढला, एका रकान्यापाशी पेन थांबवलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"किंमत इचारून राह्यलेत," ते म्हणाले. "खरी लिहू का मले सांगितली ते?"

"खरी लिहा, बाबा," मी म्हणाले.