म्हशीच्या दुधाला गाईची पावती

मंचरच्या रमणलालशेठच्या हर्षाला एका जागी बसणं कधी जमलंच नाही. नव्वदच्या दशकात ती पुण्याला जाऊन कॉम्प्युटर शिकून आली आणि जुन्नर-आंबेगावातल्या दूध डेअऱ्यांसाठी मराठीतून चालणारे प्रोग्रॅम लिहू लागली. प्रोग्रॅम नीट चालत असला तरी जेवताना तिचा घास हातातच राहायचा. "कुठंतरी काहीतरी राहिलंय," म्हणायची.

२००९ साली अवसरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या मुलांनी प्रोग्रॅमर दिवस साजरा करायचं ठरवलं आणि सत्काराला तिला बोलावलं. संध्याकाळी भाऊ हितेश तिला मोटरसायकलवरून घेऊन आला. शाल खांद्यावर पडली, कॉलेजचे एक सर बोलायला उभे राहिले, तोच तिचा मोबाइल थरथरला. पिंपळवंडीच्या डेअरीत पावत्या काढणारा संपत बोलत होता.

"ताई, लई घोटाळा झालाय. म्हशीच्या दुधाची पावती गाईची निघतीय. कुशाबाई किटली घेऊन दारातच बसल्यात, हलंनात."

"सगळ्यांचंच तसं?"

"समद्यांचं."

सत्काराच्या घाईत सकाळीच हर्षानं तिथल्या प्रोग्रॅममध्ये नवा बदल टाकला होता, नीट न तपासता.

"ह्यांच्या कामात चूक सापडत नाही," सर माइकवर सांगत होते.

हर्षा उठलीच. "सर, आत्ताच सापडली. माझीच आहे. माणसं खोळंबलीत, मला जाऊ द्या."

मागच्या बाकांवरून टाळ्या सुरू झाल्या. तोवर ती जिन्यात पोचली होती.

नारायणगावात टोमॅटोच्या गाड्यांनी रस्ता तुंबला होता. "पोचू गं," हितेश म्हणत होता. ती उतरून चालायलाच लागली. गर्दी सुटल्यावर त्यानं तिला पुढं गाठलं.

डेअरीत शिरताच कुशाबाईंनी विचारलं, "पोरी, माझी म्हस गाय कवा झाली?"

"म्हैसच आहे, मावशी. मी चुकले."

प्रोग्रॅममध्ये गाय आणि म्हैस यांच्या खुणांची अदलाबदल झाली होती. तिनं ती दुरुस्त केली, सगळ्यांच्या पावत्या पुन्हा काढल्या. कुशाबाईंनी आपली पावती संपतकडून दोनदा वाचून घेतली.

"शाल कसली गं?"

"आज प्रोग्रॅमर लोकांचा दिवस होता."

"मंजी तुझाच की! मंग बस, च्या घे."

हर्षानं चहा घेतला, पण उभ्यानंच. नजर पडद्यावरच होती. दुसऱ्या दिवशी सकाळचं दूध यायच्या आत ती पुन्हा पिंपळवंडीत हजर झाली.