मालोजींनी पास केलेली छीट

परदेशीपुऱ्यातल्या मालोजींनी बावीस वर्षं मिलमध्ये छापील कापड तपासलं. मिलला कुलूप लागलं, तरी हा माणूस रोज आठ वाजता खाकी शर्ट चढवून ओट्यावर बसायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांच्या साड्यांतले दोष काढायचा.

"अहो, नोकरी बघा," त्यांची बायको जनाबाई म्हणायची, "नाहीतर एखादी चप्पल काढेल."

नोकरी घरी चालत आली. राजेंद्र नगरच्या शरदचंद्रजींना जुन्या कापडांचा भारी शौक. बंगल्यात खाली म्यूझियम काढलेलं, त्याला जाणता माणूस हवा होता. परीक्षा म्हणून त्यांनी एक छीट, म्हणजे वेलबुट्टीचं जुनं छापील सुती कापड, आणून दिली. अडीचशे वर्षांपूर्वी मछलीपट्टणहून जहाजाने हॉलंडला गेलेली, तिथे कुण्या मडमेच्या पलंगाचा पडदा झालेली, आणि आता लिलावातून विमानाने परतलेली.

"नीट तपासा. अस्सल निघाली तर नोकरी तुमची."

मालोजींनी मिलच्या रीतीने तपासली. एक कोपरा सोड्याच्या उकळत्या पाण्यात बुडवला. रंग हलला नाही. मग त्या कोपऱ्याच्या उलट्या बाजूला हॉलंडच्या व्यापारी कंपनीचा जुना शिक्का दिसला आणि त्यांनी बायकोला हाक मारली.

"जने, हा बघ आपलाच माणूस. पास करून गेलाय."

ट्रंकेतून मिलचा शिक्का काढून त्यांनी शेजारीच, सरळ ओळीत हाणला. पास. तपासनीस नंबर सात.

छीट न्यायला आलेले शरदचंद्रजी ते बघून खाली बसले ते उठेचनात.

"हे काय केलंत?"

"पास केली. एका जागी ठसा हलका पडलाय, पण चालेल."

"पुसा ते आधी."

"पुसणार कसं, साहेब? ही शाई उकळीतही जात नाही. तीही मीच तपासलेली."

"खाऊन घ्या जी," जनाबाईने पोहे पुढे केले. "नोकरीचं काय म्हणता?"

"नोकरी विसरा," म्हणत ते छीट घेऊन गेले.

म्यूझियम उघडलं. कंपनीचा शिक्का दिसावा म्हणून कोपरा दुमडून छीट टांगली, तर शेजारचाही दिसणारच. लोक कंपनीच्या शिक्क्यापाशी घटकाभर थांबत आणि दुसऱ्यापाशी अडून बसत. हा नंबर सात कोण? शरदचंद्रजींनी चार दिवस थापा मारल्या. पाचव्या दिवशी त्यांची स्कूटर परदेशीपुऱ्यात आली.

आता म्यूझियममध्ये कोणी विचारलं की मालोजी सांगतात, "मीच तो." फक्त छिटीला हात लावताना हातमोजे घालावे लागतात, ते काही त्यांना पटत नाही. बोटांना लागल्याशिवाय माल कळतो कसा?